मोठ्या शिडाची चाचणी

शर्यतीची होडी दोघी बहिणींची. मागे सुकाणूवर ताई, पुढे शिडाची दोरी धरून धाकटी. चार वर्षं असंच चाललं होतं. आता मामानं, तोच त्यांचा प्रशिक्षक, मागून वारा असताना उघडायचं दीडपट मोठं शीड आणलं. "धाकटीला झेपलं तर ठीक," तो म्हणाला, "नाहीतर पुढे आमच्या कन्येला बसवू. वजन हवं गं, दुसरं काय!"

मामाची आडदांड लेक गेल्या महिन्यात होडी चालवायला शिकली होती. कानामागून आली आणि तिखट झाली.

धाकटी होडीत चढली. बाहेर झुकताना ज्यात पाय अडकवायचे तो पट्टा वीतभर सैल केलेला होता, लांब पायांच्या मापानं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! चाचणीआधीच निकाल लावून मोकळे. तिनं दातओठ खात पट्टा आवळला. मामाशी बोलली नाही. बोलली असती तर त्याची धडगत नव्हती.

धक्क्यापासून लांब गेल्यावर शीड उघडलं. शेजारून जुन्या शिडाची होडी निघाली, तिच्यात मामेबहीण. मोठ्या शिडानं असा हिसका दिला की धाकटीला वाटलं, खांदा निखळतो. होडी कलंडू लागली, तशी ती पाठ पाण्याला लागेपर्यंत बाहेर झुकली. दोरी तळव्यात रुतली, पण तिनं सोडली नाही. जुनं शीड मागे पडलं, मग फारच मागे.

"शीड पास!" किनाऱ्यावर मामा ओरडला.

"आणि मी?"

मामानं ताईकडे बघितलं. ताई शिडाची घडी घालत म्हणाली, "पट्टा मी सैल केला होता. मामालाही मीच सांगितलं. आज वारा बेताचा होता. जोराच्या वाऱ्यात तू पुरणार नाहीस, आणि मला जिंकायचंय."

"आणि मी मघापासून बिचाऱ्या मामाला मनातल्या मनात सोलून काढतेय!"

धाकटीला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

"वजनच हवंय ना? माझ्याहून तू चांगली दहा-बारा किलो जास्त भरतेस. उद्यापासून पुढे तू बस. सुकाणू मी धरते."

मामा खाकरला. "बोलतेय त्यात खोट नाही."

ताईचा चेहरा पडला. "सुकाणू माझं आहे."

"आणि पुढची जागा कुणाची होती?"