संज्ञेच्या जागी

तारांगणातल्या निवेदिकेचा घसा दुपारच्या खेळाआधीच पार बसला. सूर्याचं तेज सोसेना म्हणून त्याची बायको संज्ञा आपल्या जागी छायेला ठेवून माहेरी गेली, ही गोष्ट ती वर्षानुवर्षं सांगत होती.

“ताई, तुमचंच जुनं रेकॉर्डिंग लावतो. कुणाला कळायचंही नाही,” ऑपरेटर म्हणाला.

“तीच तर भीती आहे! मग उद्यापासून मला कशाला ठेवतील?” ती कशीबशी घोगरत म्हणाली.

पण अंगात त्राण नव्हतं. मागच्या रांगेत सासूबाई रोज गारव्याला येऊन बसत, त्यांच्याशेजारी ती टेकली. घुमटाखाली रेकॉर्डिंगमधला तिचा आवाज तुरुतुरु धावू लागला.

“ही तू नव्हेस गं,” सासूबाई कुजबुजल्या. “संज्ञा घर सोडते तिथे तू केवढा उसासा टाकतेस! ही बया टुणकन निघाली.”

“हे साहेबांना सांगाल?”

“सांगते. झोप आधी.”