यमूची टिकली

“ये टिकली भी मिटाओगे?” अकबरीनं भाकरी थापता थापता नवऱ्याला विचारलं.

नूरचाचांनी पानावरचा रबराचा चुरा फुंकला. “लायब्ररी की किताब है. ऐसी गंदी दे दूं?”

धुळ्यातल्या एका जुन्या वाचनालयाची पुस्तकं नूरचाचा मिसरूड फुटल्यापासून बांधत आले होते. हे पुस्तक उद्याच्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत बसणार होतं. इंग्रजांच्या अमदानीत गावातल्याच एका मास्तरांनी साहेबाच्या पोरांची गोष्ट मराठीत आणली होती. बर्फाच्या जागी गारा आल्या, केकच्या जागी मांडे, आणि त्यातली अनाथ पोर झाली खानदेशातली यमू. चित्रांचे ठसे मात्र विलायतेचेच वापरलेले. त्यामुळे गोष्टीतली परकर नेसलेली यमू चित्रात फ्रॉक आणि बूट घालून उभी! पोरांना हे कसं पटावं? त्यांनी शिसपेन्सिलीनं तिला वेणी घातली, नथ घातली, फ्रॉकखाली परकर काढला. मास्तरांचं अर्धं राहिलेलं काम पोरं वर्षानुवर्षं पुरं करत होती, आणि ग्रंथपाल अभिमनभाऊ त्यांच्यावर खेकसत होते.

नूरचाचांनी सगळं पुसलं. कपाळावरची टिकली फार दाबून काढलेली होती. तिला मात्र जोर लावावा लागला.

सकाळी पुस्तक पाहून अभिमनभाऊ खूश झाले. “चाचा, कोरं करकरीत केलंत की!”

ते ऐकून झाडू मारणारी कुंदाबाई लगबगीनं पुढे आली. तिला अक्षरओळख नव्हती. तिची विमल शाळा सुटल्यावर इथं येऊन बसायची आणि आईचं झाडून होईपर्यंत यमूची गोष्ट मोठ्यानं वाचायची. ती टिकली तिनंच काढलेली. दोन वर्षांमागं काविळीत पोर गेली. तिचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. रोजचं काम उरकलं की कुंदाबाई ते पान उघडून उभी राही. हे अभिमनभाऊंना ठाऊक होतं, पण प्रदर्शनाच्या धांदलीत ते विसरले.

“भाऊ, टिकली कोठे गई?” कुंदाबाईनं विचारलं. “मनी विमलनी काढेल व्हती.”

नूरचाचांच्या तोंडचं पाणी पळालं. “बाई, मला माहीत नव्हतं. पेन्सिल द्या, आत्ता काढून देतो.”

“नका काढू. तुम्ही काढी ते ती तुमनी व्हई, विमलनी नही.”

ती झाडू उचलून कोपऱ्यात गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नूरचाचांना वाटलं. ते पुस्तक घेऊन खिडकीशी गेले. पान तिरकं धरलं, पुन्हा धरलं. मग त्यांनी हाक मारली, “कुंदाबाई, इकडे या. काळं गेलं, पण दाब गेला नाही. इथं बोट फिरवा.”

कुंदाबाईनं यमूच्या कपाळावरून हळूच बोट फिरवलं. एका जागी ते थांबलं.

“शे, टिकली शे,” ती म्हणाली. “आठेच शे.”

तेवढ्यात अभिमनभाऊ पेटीची किल्ली घेऊन आले. नूरचाचांनी पुस्तक छातीशी धरलं. “पेटीत नका ठेवू, भाऊ. बांधणीची खळ ओली आहे. काम कच्चं राहिलं माझं. बुरशी धरेल. टेबलावर उघडंच राहू द्या.”

आपलं काम कच्चं आहे, असं त्या माणसानं उभ्या आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. अभिमनभाऊंनी पुस्तक हातात घेतलं. खळ वाळून खडखडीत झाली होती. त्यांनी एकदा चाचांकडे पाहिलं, एकदा कुंदाबाईकडे, आणि किल्ली खिशात टाकली.

प्रदर्शनाला आलेली मोठी माणसं त्या पुस्तकापाशी थांबत, फ्रॉकमधल्या यमूला हसत आणि पुढे जात. कुंदाबाई टेबल पुसायला आली की आधी हात पदराला कोरडे करी, आणि मग एकच बोट पानावर टेकवी.