जे एसाला बोलता आलं नाही

मी आइस हॉकीची लाकडी स्टिक बोलतेय. हो, मीच. माझा मालक बोलायचा नाही, म्हणून तर ही वेळ आली.

फिनलंडच्या बर्च झाडाची मी लेक. सरावाआधी बर्फ गुळगुळीत करायला त्यावर गरम पाणी फिरवलं की धुकं चढायचं, आणि त्यात मला आमचं रान दिसू लागायचं. मग डोळा लागायचा माझा. एसा कोर्तेलाइनेननं मला घेतलं, पात्याला काळी पट्टी गुंडाळली आणि आमच्या तिसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. बत्तिसाव्या वर्षी खेळ संपला. त्याच्या आधीच्या सगळ्या स्टिक्स खेळताना मोडल्या होत्या. मी तेवढी धड राहिले.

पुढे इटलीच्या डोंगरातल्या एका गावानं त्याला कोच म्हणून बोलावलं. संघातल्या तरुण पोरांच्या हातातल्या नव्या, हलक्या स्टिक्स मला म्हातारी समजायच्या. एसा माझ्या टोकावर हनुवटी टेकून सराव बघायचा, आणि मी आपली सुखानं पेंगत असे.

गाव भारी बोलकं. कॉफी पितानाही दहाजण एकदम बोलणार. एसा मात्र मूग गिळून! कोणी चुकलं तर तेवढ्यापुरतं सांगायचा, बाकी चिडीचूप. त्याच्या गावची रीतच तशी. कोच काही बोलला नाही, म्हणजे झकास चाललंय, असं समजून तिथली पोरं खुशीत घरी जातात. इथली पोरं मात्र दिवसेंदिवस कोमेजत गेली.

एका सकाळी कप्तान लोरिस सरावाआधी बर्फावर आला, बाकीचे मागे.

"कोच, आम्ही नऊजण संघ सोडतोय."

"का?"

"का म्हणजे? तीन महिन्यांत एक बरा शब्द नाही! माझ्या सासूलासुद्धा मी वर्षातून एकदा आवडतो."

"पण मी काही बोललोच नाही ना!"

"तेच तर म्हणतोय!"

एसाचे कान लाल झाले. खेळाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. हा संघ गेला तर तो जाणार कुठे? इटालियन शब्द सापडेनात, आणि फिनिश तरी कुठे सापडले असते!

मग त्यानं माझं पातं बर्फावर आपटलं. ठक्. पुन्हा ठक्. बर्फावरचे खेळाडू टाळ्या अशाच वाजवतात. जाड हातमोज्यांत दुसरं काय जमणार? एसा थांबेचना.

"हे कोणासाठी?" लोरिसनं हळूच विचारलं.

"तुमच्यासाठी. पहिल्या दिवसापासूनचं. सगळं."

लोरिसनं डोळे पुसले. "पुरे, कोच. मोडेल ती."

मोडलेच मी, पात्याच्या सांध्यात. नऊही पोरं सरावाला उतरली.

आता मी कपडे बदलायच्या खोलीत, कोपऱ्यात उभी असते. बाहेरून एसाचं "छान! छान!" ऐकू येतं. उच्चार इतके भयंकर की पोरं हसून लोळतात. मला मात्र भरून येतं.

माणसांनो, कोणाचं काही आवडलं तर तेव्हाच सांगत जा. तुमच्या वाटचं बोलायला लाकूड किती पुरणार?