हुरहुरीला हिंदीत काय म्हणायचं

सत्यभामाबाईंना लग्न होऊन जबलपुरात येऊन एकेचाळीस वर्षं झाली होती. भाजीवाल्याशी त्या हिंदीत अशी घासाघीस करत की तो शेवटी हात जोडी. पण नेपियर टाउनमधल्या मनोविकारतज्ज्ञांनी "अम्मा, कैसा लगता है?" असं विचारलं, तेव्हा "ठीक है" यापुढे त्यांची गाडी सरकेना.

शेजारी बसलेल्या सुनेला, विनीताला, ठाऊक होतं की ठीक काहीच नाही. दोन महिने सासूबाई पहाटेच जाग्या होऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवण घटलं, महिला मंडळ सुटलं. रक्ताचे, छातीचे सगळे रिपोर्ट चांगले आले, तेव्हा घरच्या डॉक्टरांनी इकडे पाठवलं.

"आई, मराठीत सांगा. मी त्यांना हिंदीत सांगते," विनीता म्हणाली. ती जबलपूरचीच. माहेरी मराठी कानावर पडायची, तोंडात मात्र हिंदीच होती.

"कशातच जीव लागत नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या. "उगाच हुरहूर लागून राहते. संध्याकाळ झाली की जीव नकोसा होते."

हुरहुरीपाशी विनीता अडली. ती सोडून तिने शेवटचं तेवढं पकडलं. "डॉक्टर साहब, ये जीना नहीं चाहतीं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, "अम्मा, मरने का ख़याल आता है?"

"काहून गं विनी!" सत्यभामाबाई भडकल्या. "मी असं कधी म्हटलं? जीव नकोसा होते म्हणजे करमत नाही, घाबरल्यासारखं होते. मरायचं कोण बोललं?"

विनीताचे कान तापले. ती डॉक्टरांची माफी मागू लागली. तेवढ्यात टेबलाच्या काचेकडे बघत सासूबाई हळूच म्हणाल्या, "मरावंसं नाही वाटत बेटा. पण सकाळी डोळे उघडले की वाटते, आज जाग आलीच नसती तर बरं झालं असतं."

हे मात्र विनीताला पुरतं कळलं. ते तिने शब्दाला शब्द ठेवून हिंदीत सांगितलं.

"अच्छा किया अम्मा, बता दिया," डॉक्टर म्हणाले. याला डिप्रेशन म्हणतात, सोबत घबराहटही आहे, दोन्ही गोष्टी वेगळ्या असल्या तरी पुष्कळदा जोडीने येतात, असं त्यांनी समजावलं. गोळीचा असर दिसायला काही आठवडे लागतील, तोवर यांना एकटं ठेवायचं नाही.

"मतलब मैं पागल तो नहीं ना?" सत्यभामाबाईंनी हे मात्र स्वतःच हिंदीत विचारलं.

"वो शब्द हमारी किताब में है ही नहीं." मग ते विनीताकडे वळले. कसं वाटतं ते रोज विचारायचं, आणि त्या ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत लिहून आणायचं. "मतलब बाद में समझेंगे."

सासरे रामकृष्णराव फॅक्टरीतून निवृत्त झालेले. घरी आल्यावर सगळं ऐकून ते म्हणाले, "पण तिला कशाची कमी आहे?"

"बाबा, कमीचा सवालच नाही. बीमारी आहे ती."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून रामकृष्णरावांनी चहा केला आणि दोन कप घेऊन बायकोच्या उशाशी जाऊन बसले. मग रोजच बसू लागले.

विनीता कोचिंग क्लासमध्ये शिकवून आली की वही उघडायची. "आई, आज कसं वाटून राहिलं?" सासूबाई शब्द सांगत आणि मग त्याचा अर्थही: धास्ती म्हणजे काहीतरी वाईट होईल याची भीती. घालमेल म्हणजे आतल्या आत ढवळणं. हुरहुरीला सत्यभामाबाईंना वेळ लागला. "कोणी यायचं नसते, तरी दाराकडे लक्ष राहते. ते."

विनीता लिहिता लिहिता थांबली. "मला लग्नानंतर वर्षभर असंच व्हायचं. नाव माहीत नव्हतं."

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्ही तरी कुठे बोलल्या?"

त्या दिवशी वहीत पुढे काही लिहिलं गेलं नाही. दोघी बोलतच बसल्या.

गोळ्यांनी तोंड सुकायचं. तीन आठवडे झाले तरी फारसा फरक पडेना, म्हणून सत्यभामाबाई एकदा रडल्याही. डॉक्टरांनी डोस वाढवला. हळूहळू झोप लांबली, पोळी एकीची दीड झाली.

सातव्या आठवड्यात विनीताने विचारलं, "आज?"

"आज कंटाळा आला."

विनीताने घाबरून पेन उचललं. "हा कोणता? कसा असतो?"

"अगं, साधा कंटाळा! घरात बसून बसून येते तो!" सत्यभामाबाई उठून चपला शोधू लागल्या. "चल, स्कूटर काढ. विजय नगरला चक्कर मारून येऊ. यांना यायचं असेल तर म्हणावं, ऑटोने या."