अस्वलानं तपासलेली शुगर

तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्हे पालथे घाला. शुगरचे रोगी घरोघरी मिळतील, पण ज्याची शुगर अस्वलानं तपासली असा माणूस मी एकटाच. सुई टोचली नाही, उपाशीपोटी बोलावलं नाही. नुसती जीभ लावली आणि निकाल दिला. तो निकाल चंद्रपूरच्या डाक्टरीणबाईंच्या मशीनशी तंतोतंत जुळला.

हसा. प्रवीणही असाच हसला होता.

प्रवीण माझा भाचा. गडचिरोलीला एसटीवर ड्रायव्हर आहे. परवा तोंड पाडून आला आणि माझ्या छपरीत बसला. त्यालाही शुगर निघाली होती. डाक्टरांनी भात, पोळी, साखर कमी करायला सांगितलं आणि घरच्यांनी त्याचा पिच्छाच पुरवला.

"मामा, बायको रडते, सासू डोकं धरून बसते. डब्यात अंडी अन् भाजी पाह्यली का डेपोतले दोस्त विचारतात, पैलवान होऊन राह्यला काय? मले वाटते, द्यावं सोडून."

"काय सोडतं? बायकोले?"

"पथ्य, मामा."

"मग बस. अस्वलाची गोष्ट ऐक, मग ठरव."

छपरीच्या त्या टोकाला आमची भागीरथा, म्हणजे त्याची मामी, चुलीवर जवस भाजत होती. तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. निदान मला तरी तसं वाटलं.

मी दादाजी, लग्नाचा आचारी. आमच्या भागात धानाशिवाय दुसरं काही डोळ्यांना दिसत नाही. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, आणि मधे भूक लागली तर पोहे. अशा मुलखात माझ्या हातच्या भाताचं नाव होतं. गंजावरचं झाकण काढलं की दोन कोसांवरची रानडुकरं धान उकरायचं सोडून मांडवाकडे तोंड करून उभी राहायची. शीत शीत मोकळं. चाखायचीसुद्धा गरज नाही, नुसत्या वासावर सांगतो, झाला की नाही.

आणि खाणारा पहिला मीच. आमच्याकडे रीत आहे. भाताचा गंज उघडला की पहिला घास चुलीला, दुसरा आचाऱ्याच्या तोंडात, तोही चार माणसांसमोर. आचाऱ्यानं गिळला की मगच पंगत बसते. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात पहिला घास मी खाल्ला. शुगर होणार नाही तर काय होणार?

झाली ती अशी झाली की नदीत पाय धुतले तर खालच्या गावातले लोक त्या दिवशी चहात साखर टाकत नसत. पण मला कुठं पत्ता? एका लग्नात भट्टीपाशी उभा होतो. करपल्याचा वास आला. मी ओरडलो, "अरे, मटण कोणं लावलं बे खाली?" पोरं म्हणाली, "आज मटण नाईच आहे, भाऊ." खाली पाहिलं तर माझा डावा पाय विस्तवावर. मला काही कळलंच नव्हतं.

हे मात्र खरं आहे. यावर प्रवीणही हसला नाही.

डाक्टरीणबाईंनी जखम पाहिली, मशीन पाहिली आणि चष्मा काढून म्हणाल्या, "या वेळी अंगठा वाचवते. पुढच्या वेळी पाय वाचेल, असा शब्द देत नाही." भात, पोळी, पोहे, साखर, आलू बंद. अंडी, मासे, कोंबडी, अंबाडीची भाजी, वांगी, शेंगदाणे, जवसाची चटणी चालू. गोळ्या आपल्या मनानं सोडायच्या नाहीत, दर वेळी येऊन तपासायचं, त्या कमी करतील तेव्हाच कमी. आणि हातपाय थरथरले, घाम सुटला, तर मात्र ताबडतोब साखर तोंडात टाकायची.

घरी येऊन हे सांगितलं आणि लढाई सुरू झाली.

भागीरथा म्हणाली, "लग्न होऊन आली तवापासून भात रांधून घालून राह्यली. आता थो इख झाला काय?"

पोरगा प्रफुल म्हणाला, "बाबा, भाताबिगर ताकद कुठून येईन? लाकडावानी वाळून जासान."

शेजारची रंजीता रोज काहीतरी झाकून आणायची. "भाऊजी, हे पोहे आहेत. भात थोडीच आहे?" दुसऱ्या दिवशी मुरमुरे. तिसऱ्या दिवशी तांदळाच्या पिठाची भाकर. "हे त पीठ आहे. भात दिसते काय यात कुठी?" बाई एवढी मायाळू की एक दिवस भाताला टोपी घालून पाव्हणा म्हणून पाठवेल, अशी मला भीती वाटायला लागली.

आणि गुणवंतराव! माझा लहानपणचा दोस्त, धान सोसायटीतून निवृत्त झालेला. त्याला माझ्याआधीपासून शुगर. तो गोळी गिळायचा, वर जिलेबी खायचा आणि म्हणायचा, "गोळी घेतली का सारं माफ. तू काय वाघ आहेस काय गा दादाजी, नुसतं मांस खायले? किडनी फुटते त्यानं."

"कोणं सांगतलं?"

"सारे म्हणतात."

"साऱ्यायनं माह्या पायाची पट्टी सोडून पाह्यली काय?"

पट्टी सोडायची ती एकटी भागीरथा. रोज सकाळी दाराशी पाटावर पाय घ्यायची, शिव्या द्यायची आणि जखम धुवायची. "अंडे खाते, कोंबड्या खाते, माह्या हातचा भात मात्र खात नाई, मुडदा." शिव्या तोंडात, पण हात असा हलका, जशी शीत न मोडता भात काढते. एक दिवस तिनं पट्टी सोडली आणि शिवी अर्ध्यावरच राहिली. कातडी धरली होती. अंगठ्याला तिनं नख लावलं तर मी ओय केलं. तिनं पुन्हा लावलं, मी पुन्हा ओय केलं. ती उठून आत गेली आणि भाताचा गंज धाडकन आदळला. राग कशाचा होता, मला आजही ठाऊक नाही.

सर्वांचं शेवटचं बोलणं एकच असायचं. एका घासानं काय होते? माझं उत्तरही एकच. माह्या पायाखालचा इस्तू बी एकच होता.

"मामा, अस्वल कवा येते?" प्रवीणनं विचारलं.

"येऊन राह्यलं. घाई काऊन? अस्वलाले काय टाईमटेबल आहे तुह्या एसटीवानी?"

तर गुणवंतरावाच्या पोरीचं, साक्षीचं, लग्न ठरलं. पाव्हणे चिमूरचे. गुणवंतराव मला शिव्या देईल, पण आचारी दुसरा बोलावणार नाही. मे महिना. मांडव गावाबाहेर, मागं मोहाची झाडं, त्याच्या मागं जंगल. मी भात लावला. वासावर उतरवला. गंज उघडला. वाफेबरोबर मांडवातली माणसं टाचा उंचावून उभी राहिली. पहिला घास चुलीला टाकला आणि झारा खाली ठेवला.

नवऱ्या मुलाचा काका पुढं आला. मिशा अशा की दोन्ही टोकांना लिंबू बांधावेत. "काय गा आचारी, घास घे ना."

"मी भात खात नाई."

"भाताचा आचारी भात खात नाई?" काका मागं वळला. "ऐकलं काय मंडळी? काऊन नाई खात? टाकलं काय यात?"

"यात काई नाई टाकलं. माह्यात शुगर टाकली देवानं."

कोणी हसलं नाही. काका म्हणाला, "रीत म्हणजे रीत. घास आत गेल्याबिगर आमचा एक माणूस पत्रावळीवर बसणार नाई." आणि चिमूरचे सगळे हाताची घडी घालून उभे राहिले.

मग आमचीच माणसं माझ्यावर तुटून पडली. प्रफुल म्हणाला, "बाबा, इज्जत जाऊन राह्यली." रंजीता म्हणाली, "लहानसा घ्या न भाऊजी, चिमणीएवढा." आणि गुणवंतरावानं डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. त्याला तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

"दादाजी, पाया पडतो तुह्या. एकच घास. पोरीचं लग्न आहे."

"गुणवंता, पाया पडाले बी पाय त राह्यला पाहिजे."

"एका घासानं पाय जाते काय रे?"

प्रवीण, इथं तुला खरं सांगतो. एका घासानं पाय जात नाही. हे मलाही ठाऊक होतं, डाक्टरीणबाईंनाही ठाऊक आहे. पण ते लोक एक घास मागत नव्हते. आज साक्षीच्या लग्नात घेतला असता, तर उद्या गावातल्या जंगूच्या पोराच्या बारशात काय सांगणार होतो? परवा सोसायटीच्या जेवणात? गुणवंतासाठी घेतला, आमच्यासाठी नाही, असंच म्हणाले असते ना? गावात घरं किती आणि मला पाय किती! त्या घासाबरोबर माझा 'नाही' गिळला गेला असता आणि तो पुन्हा बाहेर आला नसता. म्हणून मी झारा उचलला, गंजावर आडवा ठेवला आणि मांडवाला ऐकू जाईल असं म्हणालो, "आचारी बदला. रीत बदला. पंगत उठवा. माह्या तोंडात भात जाणार नाई."



साक्षी पिवळ्या लुगड्यात बोहल्यावरून पाहत होती. सनईवाल्यानं सनई तोंडातून काढली. आणि त्याच वेळी, मागच्या मोहाच्या झाडातून...

"आलं!" प्रवीण म्हणाला.

आलं. अस्वल. एवढं काळं की दुपारचा उजेड त्याच्याभोवती कमी पडला. चिमूरची मंडळी मागं सरली. काकाच्या मिशा खाली आल्या. अस्वल कोणाकडे न पाहता सरळ भट्टीपाशी आलं, झारा बाजूला सारला, गंजातून मुठीएवढा भात उचलला आणि खाल्ला. चावून चावून खाल्ला, मान हलवली. भात पास. मग माझ्यासमोर बसलं. माझा डावा पाय दोन्ही पंजांत धरला, भागीरथा धरते अगदी तसा, आणि अंगठ्याला जीभ लावली.

मी डोळे मिटले. अस्वलाला मध आवडतो, मोह आवडतो, जे गोड ते त्याचं. गोडी असती तर पाय त्याच वेळी गेला असता. पण त्यानं चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि बाजूला थुंकलं! गोडी शिल्लकच नाही! मग ते उठलं, हुंगत हुंगत गुणवंतरावापाशी गेलं, त्याच्या तळहाताला जीभ लावली आणि सोडेचना. चाटतंय, चाटतंय. गुणवंतराव किंचाळतोय, "दादाजी, उद्यापासून मी बी भात सोडतो, पण याले सांग!" शेवटी दोन भेल्या गूळ दाखवला तेव्हा ते जंगलात परत गेलं.

काका मिशा सावरत म्हणाला, "जंगलानं घास घेतला. आता काय राह्यलं? बसा रे." पंगत बसली, लग्न पार पडलं. पुढच्या महिन्यात डाक्टरीणबाईंनी मशीन लावली, तर जो निकाल अस्वलाचा, तोच त्यांचा. एक गोळी कमी केली. तेव्हापासून प्रवीण, मला कोणी 'एक घास' म्हटलं की मी एवढंच सांगतो, जा, आधी अस्वलाले विचारून ये.

प्रवीण पोट धरून हसत होता. पण हसता हसता त्यानं सोबत आणलेला डबा उघडला होता, हे मी पाहिलं. अंडं अर्धं संपलं होतं.

"मामा, कसम खा, अस्वल आलं होतं?"

"भाताची कसम."

तेवढ्यात चुलीवरची कढई खाली उतरल्याचा आवाज आला. भागीरथा कमरेवर हात ठेवून आमच्यासमोर उभी. उलथणं हातात, त्याला चिकटलेला जवस अजून तडतडत होता.

"खोटं! साफ खोटं! कोणतं अस्वल अन् कायचं अस्वल? प्रवीण, थो घास मी खाल्ला. हा म्हातारा झारा आडवा ठेवून खांबावानी उभा होता, अन् थो मिशावाला काई हटे ना. मंग मीच गेली पुढं. म्हटलं, आचाऱ्याचं अर्धं अंग मी हाओ, माह्या तोंडात गेला म्हणजे त्याच्या तोंडात गेला, पाय तेवढा त्याचा त्याले राहू द्या. अन् गिळला साऱ्यायच्या समोर." ती माझ्याकडे वळली. "अन् वासावर सांगते म्हणते! थो भात कच्चा होता, कच्चा! तरी मी म्हटलं, मस्त झाला!"