कापडाचं घर

धाकट्या जावेचं कौतुक मला कधीच पचलं नाही, आणि त्या आठवड्यात तर वस्तीत दुसरा विषयच नव्हता.

आमच्या वस्तीच्या जागी इमारती उभ्या राहणार होत्या. कचेरीतून घराचा नकाशा आला. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती, पण ज्यांना होती त्यांनाही त्या रेघांतून काही उमगेना. पलीकडच्या वस्तीला असाच नकाशा दाखवून घरं दिली होती. तिथे दार उघडलं की थेट शेगडीवर आपटायचं. म्हणून आमच्या बायकांनी इंजिनियरला सांगितलं, की कागद राहू द्या, आम्ही मैदानात खरोखरीच्या मापाचं घर उभं करतो, ते बघा. माणूस भला होता. म्हणाला, गुरुवारी येतो, टेप लावतो, जे बसेल तेच कागदावर घेतो. एकच अट घातली. संडास घरात हवा असेल तर नकाशात आहे तेवढ्याच जागेत बसवून दाखवायचा. नाहीतर मजल्यावर एक, सगळ्यांत मिळून. कचेरीला तेच स्वस्त पडत होतं.

आता हे काम कुणाकडे जावं? मी एकवीस वर्षं बांधकामावर राबलेली. विटा वाहिल्या, माल कालवला, भिंत ओळंब्यात आहे की नाही ते लांबूनच सांगायचे. पण बायकांनी बोलावलं माझ्या जावेला, जी जन्मभर मशीनवर बसून शाळेचे गणवेश शिवत आली. कारण काय, तर घर कापडाचं करायचं होतं. मला म्हणाल्या, तुम्ही पाणी आणा.

तिने जुन्या चादरी आणि पडदे जोडून भिंती शिवल्या. वाळू भरलेल्या तेलाच्या डब्यांत बांबू उभे केले, त्यांना त्या भिंती बांधल्या आणि दारांना बांबूच्या चौकटी केल्या. माप मात्र टेपने घेतलं नाही. माणसाला उभं करायची, बसवायची, आडवं व्हायला सांगायची आणि जमिनीवर चुन्याची रेघ ओढायची. कपडे बेततात तसं घर बेतत होती. शेजारणीला भांडी घासायला बसवलं. दूधवाली अंगाने भरभक्कम, तिला संडासात बसवून उठवलं. सगळी वस्ती हसली, तर दूधवाली म्हणाली, माझ्या मापाचं झालं म्हणजे कुणाची तक्रार यायची नाही.

जो तो म्हणू लागला, शिकली असती तर मोठी साहेबीण झाली असती. माझा नवराही त्यातलाच. जेवताना म्हणाला, काय डोकं आहे तिचं. मी म्हटलं, मग उद्यापासून तिच्याकडेच जेवा.

बुधवारी संध्याकाळी मी बादल्या परत न्यायला मैदानात गेले. तिथे कुणी नव्हतं. त्या घरात शिरले. खरं सांगते, घर छान होतं. तेच सहन झालं नाही. संडासाच्या भिंतीचे दोन्ही डबे मी खोलीच्या बाजूला हातभर ओढले. जुनी रेघ पायाने पुसली, नवी ओढली. माझा बेत सोपा होता. सकाळी संडास ऐसपैस आणि खोली चिंचोळी दिसेल, बायका हसतील, म्हणतील शिंपीण ती शिंपीणच. मग मी पुढे होऊन भिंत जागेवर आणीन.

पण सकाळी इंजिनियर सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. हसायला कुणाला सवडच मिळाली नाही.

जावेने आमच्या सासूबाईंची खाट आणवली. सासूबाई माझ्याकडे राहायच्या. त्यांची नजर गेली होती, आणि सहा वर्षं मी त्यांना हात धरून वस्तीच्या संडासाच्या रांगेत उभं करत होते. जाऊ इंजिनियरला सांगू लागली, की सगळं माप या खाटेपासून धरलंय. उठायचं, भिंतीला हात लावायचा, चार पावलं चाललं की दार. म्हाताऱ्या माणसाला कुणाची वाट बघायला नको. मागच्या आठवड्यात ती दोरा घेऊन घरी आली होती, खाटेपाशी वाकून काहीतरी मोजत होती. मला वाटलं होतं, सासूबाईंना काही शिवायचं असेल.

खाट आत नेली. ती बसेना. खाटेचा पाय संडासाच्या दाराशी अडला, दार अर्धंच उघडलं. जावेने खाट उभी लावून पाहिली, आडवी लावून पाहिली. तिचा चेहरा उतरला. माझंच कुठेतरी चुकलं असेल, असं ती पुटपुटली. हेच बघायला तर मी आले होते. क्षणभर बरंही वाटलं, लपवत नाही.

इंजिनियरने टेप गुंडाळली. म्हणाला, मेहनत चांगली घेतली, पण जागेत बसत नाही. संडास मजल्यावर एकच घेऊ. आणि त्याने खिशातलं पेन काढलं.

दोनशे चाळीस घरं होती. सासूबाईंना धरून तिसऱ्या मजल्यावरच्या रांगेत उभी असलेली मी मला दिसले.

"थांबा साहेब," मी म्हटलं. "ती भिंत मी सरकवलीय."

"कधी?"

"काल संध्याकाळी."

"कशाला?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. खोटं काही सुचेना. "हिचं कौतुक ऐकवत नव्हतं."

दूधवाली म्हणाली, "बाई गं, एवढे जड डबे एकटीने ओढलेस? नवऱ्याला तरी न्यायचंस मदतीला."

बायका हसल्या. ते हसू थोबाडीत बसल्यासारखं लागलं. मी डबे ओढून मूळ जागी नेले. कुणी हात लावला नाही. खाट बसली. दार पूर्ण उघडलं. इंजिनियरने पुन्हा टेप लावली आणि आकडे लिहून घेतले.

जाऊ रागावली नाही. एवढंच म्हणाली, की जाऊबाई, तुम्हाला बांधकामातलं कळतं, मीच आधी विचारायला हवं होतं. झालं, त्यावरून पुन्हा तिचंच कौतुक, केवढं मोठं मन म्हणून. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग आला तो तिच्या न रागावण्याचा.

संध्याकाळी सासूबाईंना घेऊन रांगेत उभी राहिले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्या म्हणाल्या, "उद्यापासून धाकटीला पाठव मला न्यायला."

"ती नाही येणार."

"विचारलंस तिला?"

"विचारणारही नाही. हात माझाच धरायचा."

त्यांनी हात सोडवून घेऊ पाहिला. मी सोडला नाही.

इमारत उभी राहायला तीन वर्षं लागली. तेवढ्या काळात जाऊ कितीदा तरी दारात येऊन म्हणाली, आज मी नेते त्यांना, तुम्ही बसा. मी एकदाही नेऊ दिलं नाही. तापाने फणफणले होते तेव्हाही नाही.