क्रांतीच्या फीडवरचं वादळ

"माझ्या फीडवरून बातमी सुटली की अरबी समुद्राचा बाप आला तरी तिला अडवू शकत न्हाय!" फकरुद्दीनचाचांच्या दुकानात क्रांती ऐटीत सांगत होती. "साइट उघडायची पण गरज न्हाय. मी इकडे टाकलं की तिकडे कतारला तुमच्या नबीलच्या फोनात!"

नबील म्हणजे चाचांचा मुलगा. चाचांनी कौतुकाने मान डोलावली. दिघीजवळच्या त्या गावाची वेबसाइट क्रांती चालवायची. गावातले, मुंबईतले, आखातातले सगळे तिची फीड फोनात जोडून बसलेले. फेरी बंद, नळाला पाणी न्हाय, कोणाची म्हैस सापडली, सगळं आपोआप पोचायचं. त्याच सकाळी तिने साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती. इकडची काडी तिकडे झाली नव्हती. निदान तिला तसं वाटत होतं.

तेवढ्यात चाचांचा साधा बटणांचा फोन वाजला. नबीलच होता.

"अब्बा, दुकान सोडा, वर शाळेत जा! चक्रीवादळ येतंय तिकडे!"

चाचांच्या हातातला गूळ खाली पडला. "या अल्लाह! बेटी, कतारला कळलं नि आपल्याला न्हाय?"

क्रांतीने तालुक्याच्या बातम्यांचं पान उघडलं. तिथेही तेच. 'चक्रीवादळ आज दुपारी किनाऱ्यावर. मच्छीमारांनी ताबडतोब परतावे.' तिचा भाऊ विनेश पहाटेच होडी घेऊन हरिहरेश्वरच्या पुढे गेला होता.

फोन लावला. रेंज न्हाय. पुन्हा लावला. न्हायच.

मग तिने ती बातमी तशीच्या तशी उचलली, वर 'विनेश, परत ये' असं जोडलं आणि आपल्या फीडवर टाकली. रेंज आली की त्याच्या फोनात पडेल.

गाव उठलं. बातमी दोनदा आली म्हणजे पक्कीच! बाहेर लख्ख ऊन. माडाची झावळी हलत नव्हती, आणि समुद्र ताटात ओतल्यासारखा.

"हेच वाईट," चाचा कुजबुजले. "वादळाच्या आधी असाच गप्प असतो तो."

चाचांनी घाईघाईत दुकानाचं कुलूप दाबलं. चावी आतच राहिली.

शाळेच्या चढणीवर नीराबाई धापा टाकत आल्या. हातात मोबाइल. "अगं क्रांते, आमच्या ह्यांचा फोन मघापासून थांबतच न्हाय! जो तो इचारतोय, वादळ कुठवर आलं, बोटी कुठे लावू."

ह्यांचा म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, सदाकाकांचा. सदाकाकांना वारून वर्षं लोटली होती.

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? सांगितलं, ते गेले. तर समोरचा म्हणतो, ते गेले तर आम्ही पण निघतो!"

क्रांतीने बातमी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. खाली होतं, 'मदतीसाठी सदाकाकांना फोन करा,' आणि नंबर. हे वाक्य तिचंच. मागच्या एका वादळात तिनेच लिहिलेलं. सर्व्हर बदलताना जुन्या बातम्यांचे पत्ते बदलले, आणि फोनांना त्या नव्याकोऱ्या वाटल्या. फीडने त्या इमानेइतबारे पुन्हा घरोघर पोचवल्या. नबीलला आलेली तीच. तालुक्याचं पानही तिच्याच फीडवरून बातम्या उचलायचं. आणि ती स्वतःच्याच बातमीला घाबरून तीच पुन्हा वाटत सुटली होती.

"म्हणजे वादळ न्हाय?" चाचांनी विचारलं.

"न्हाय चाचा."

"मग पुसून टाक की!"

"साइटवरून पुसते. लोकांच्या फोनात शिरलेली कशी पुसू?"

तिने फीडवर टाकलं, 'वादळ न्हाय. जुनी बातमी होती. घाबरू नका.' आणि धक्क्याकडे धावत सुटली. वादळ नव्हतं, पण विनेश भित्रा होता. घाबरला की त्याला इंजिन आवरत नसे, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक!

विनेशला समुद्रात थोडीशी रेंज मिळाली होती. वादळाच्या दोन्ही बातम्या त्याला पोचल्या. तिसरी पोचायच्या आत रेंज गेली. वाऱ्याचा पत्ता नसताना, भर उन्हात, तो पूर्ण वेगात येऊन धक्क्यावर आदळला. विनेश पोहत काठाला लागला. होडी बुडाली.